एज ऑफ एम्पायर्स २: आपली सिव्ह निवडताना आधी ‘काय नाही’ ते बघा

१९९९ साली मूळ गेम आला तेव्हा त्यात १३ सिव्हिलायझेशन, म्हणजे ‘सिव्ह’, होत्या. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये त्या ३५ झाल्या आणि पुढेही भर पडत राहिली. एवढ्या गर्दीतून नवा खेळाडू दोनपैकी एका प्रकारे निवड करतो: व्हिडिओत कुणीतरी ‘सर्वात भारी’ म्हटलेली सिव्ह घेतो, नाहीतर ओळखीचं नाव बघून बोट ठेवतो. दहाएक मॅच हरल्या की सिव्ह बदलतो आणि पुन्हा शून्यावर येतो. सिव्ह म्हणजे बोनसची यादी आणि तिच्याबरोबर आलेली उणिवांची यादी. बोनस गेम आपणहून दाखवतो, उणिवा मात्र शोधाव्या लागतात. निवड त्यांवरूनच करायची.

आधी घड्याळ लावा

सुरुवातीला फ्रँक्स घ्या, अरेबिया मॅप आणि समोर एकच कॉम्प्युटर. हाताशी ३ व्हिलेजर, एक स्काउट, २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं आणि २०० दगड असतात. व्हिलेजरला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात, म्हणजे सुरुवातीचं अन्न चौघांपुरतंच. तेवढ्यात मेंढ्या टाऊन सेंटरखाली आलेल्या हव्यात.

आता हिशेब. स्काउट धरून लोकसंख्या २२ करायची तर १८ नवे व्हिलेजर लागतात. त्यांचे ४५० सेकंद, लूमचे (व्हिलेजरला बळकट करणारं अपग्रेड) २५ सेकंद. म्हणजे ७ मिनिटं ५५ सेकंदांनी फ्यूडल एजचं, म्हणजे दुसऱ्या युगाचं, बटण दाबता यायला हवं. त्याला ५०० अन्न आणि १३० सेकंद लागतात, म्हणून १० मिनिटं ५ सेकंदांनी तुम्ही फ्यूडलमध्ये. पंधरावीस सेकंद इकडेतिकडे चालतील. तुम्ही बारा मिनिटांनंतर पोहोचत असाल तर अजून कुठलीही सिव्ह निवडू नका, कारण दोष सिव्हचा नाही.

उशीर बहुतेक तीनच ठिकाणी होतो. पहिलं ठिकाण घर. २५ लाकडांचं घर ५ जणांची सोय करतं, ते बांधायचं राहिलं की टाऊन सेंटर थांबतं. दुसरं रानडुक्कर. लूमशिवाय व्हिलेजरचे २५ हिट पॉइंट, लूमनंतर ४०. एकाच व्हिलेजरने डुकराला मारून लगेच टाऊन सेंटरकडे पळत यायचं आणि बाकीच्यांनी तिथे तयार राहायचं. एका डुकरात ३४० अन्न असतं, मेंढीत १००. डुक्कर सोडलं तर फ्यूडल लांबलंच. तिसरं ठिकाण मारून अर्धवट सोडलेली मेंढी. तिचं अन्न सडत जातं, म्हणून एका वेळी एकच मेंढी कापा.

इथेच काही सिव्ह आपोआप बाद होतात. चायनीजना ३ व्हिलेजर जास्त मिळतात, पण अन्न शून्यावरून सुरू होतं. पहिल्या काही सेकंदांत मेंढ्या सापडल्या नाहीत तर टाऊन सेंटर नुसतं उभं. मंगोलांचे शिकारी ४० टक्के वेगाने काम करतात, पण डुक्कर आणताना व्हिलेजर गमावणाऱ्याला त्याचा काय उपयोग? हूणांना घरंच लागत नाहीत. नवख्याला ते सोपं वाटतं, पण आमचं मत स्पष्ट आहे: हूणांपासून सुरुवात करू नका. घर वेळेवर बांधायची सवय लागत नाही आणि पुढची प्रत्येक सिव्ह अवघड जाते.

हाताला कोणतं सैन्य बसतं?

आर्चर स्वस्त, २५ लाकूड आणि ४५ सोनं. मात्र लढाईत त्याच्यावरून नजर हटवता येत नाही. मँगोनेलचा (दगडफेकी यंत्राचा) दगड येताना दिसला की घोळका फोडावा लागतो, नाहीतर एका फटक्यात सगळे गेले. नाइटला ६० अन्न आणि ७५ सोनं, पण तो चूक सोसतो आणि नको असलेल्या लढाईतून निघून येऊ शकतो. माउस हळू चालत असेल किंवा टचपॅडवर खेळत असाल तर घोडदळच घ्या.

नाइट घ्यायचे म्हणजे शेतीचं गणित आलं. नाइट ३० सेकंदांत तयार होतो. दोन तबेले अखंड चालू ठेवले तर मिनिटाला चार नाइट, म्हणजे २४० अन्न आणि ३०० सोनं. शिवाय टाऊन सेंटरला व्हिलेजरसाठी मिनिटाला १२० अन्न. एवढ्याला अठरा-वीस शेतं लागतात. नवखा खेळाडू दहा शेतांवर दोन तबेले बांधतो आणि घोडं तिथेच पेंड खातं. फ्रँक्सना शेतीचे अपग्रेड फुकट मिळतात, म्हणून नाइट शिकायला ती सिव्ह खरोखर चांगली.

टेक ट्रीतल्या फुल्या वाचा

गेममधला टेक ट्री (सिव्हला काय मिळतं, काय नाही याचा तक्ता) उघडा आणि ज्या चौकोनांवर फुली आहे तेवढेच कागदावर लिहा. घोडदळासाठी हे चौकोन तपासा: ब्लडलाइन्स, हजबंडरी, प्लेट बार्डिंग आर्मर आणि पॅलाडिन. तिरंदाजीसाठी आर्बलेस्टर, थंब रिंग, ब्रेसर. पायदळासाठी चॅम्पियन, हॅलबर्डियर (भालाईत), प्लेट मेल आर्मर.

आता फुलीला भरपाई आहे का ते तपासा. फ्रँक्सना ब्लडलाइन्स नाही. ती असती तर नाइटचे १०० हिट पॉइंट १२० झाले असते. पण फ्यूडलपासून त्यांच्या घोडदळाला २० टक्के हिट पॉइंट जास्त मिळतात, म्हणजे तेच १२०, तेही पैसे न मोजता. स्काउटचं गणित मात्र उलटं. ४५ चे २० टक्क्यांनी ५४ होतात, ब्लडलाइन्सने ६५ झाले असते. म्हणून फ्रँक्स घेऊन स्काउटवर फार काळ अवलंबून राहू नका, कॅसल एज (तिसरं युग) गाठा.

ब्रिटन्सचंही असंच. थंब रिंगवर फुली, त्यामुळे काही बाण चुकतात. पण कॅसल एजमध्ये, फ्लेचिंग आणि बॉडकिन अ‍ॅरो घेतल्यावर, इतरांच्या क्रॉसबोची रेंज ७ आणि ब्रिटन्सची ८. मँगोनेलची रेंज ७ आहे. लांबून मारा करायचा संयम असेल तर ही सिव्ह तुमची.

गॉथ्सच्या फुल्यांना अशी भरपाई नाही: दगडी भिंत नाही, प्लेट मेल आर्मर नाही. त्यांचा सगळा जोर इम्पिरियल एजमधल्या स्वस्त, झपाट्याने निघणाऱ्या पायदळावर. पंचविसाव्या मिनिटापर्यंत टिकायची खात्री नसेल तर लांबच राहा.

आपल्या मातीतल्या सिव्ह

एप्रिल २०२२ मध्ये जुन्या ‘इंडियन्स’च्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर आले. यातली एखादी घ्यावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे, फक्त एक गोष्ट आधी माहीत असू द्या: चौघांपैकी कुणाकडेही नाइट नाही. नाइटच्या खेळाचे व्हिडिओ पाहून गुर्जर घेतले की कॅसल एजमध्ये माणूस गोंधळतो. हिंदुस्तानींचे व्हिलेजर स्वस्त आणि उंट तगडे. समोर घोडदळ असेल तर यांच्यासारखी सिव्ह नाही. गुर्जर मेंढ्या गिरणीत ठेवून सावकाश अन्न मिळवतात, त्यामुळे त्या कापायच्या की ठेवायच्या हे पहिल्या दोन मिनिटांत ठरवावं लागतं. द्रविडियनना प्रत्येक नव्या एजला २०० लाकूड मिळतं. आरमार आणि पायदळ चांगलं, घोडदळ अगदीच दुबळं. बंगाली हत्तींचे, धीम्या चालीचे.

मराठे या गेममध्ये नाहीत. गेमचा काळ ढोबळमानाने सोळाव्या शतकापर्यंतचा आणि शिवराज्याभिषेक १६७४ चा. मराठ्यांकडूनच खेळायचं असेल तर २००९ चा एम्पायर: टोटल वॉर बघा, त्यात मराठा साम्राज्य निवडता येतं.

ठाणेकरांना जवळची वाटेल अशी एक सिव्ह मात्र इथे आहे, पोर्तुगीज. आज ज्यात मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला त्यांनीच बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला. गेममध्ये त्यांच्या सैन्याला सोनं २० टक्के कमी लागतं. नाइटचे ७५ चे ६० होतात, दहा नाइटमागे १५० सोनं वाचतं. पॅलाडिनवर फुली आहे. त्यांची फेतोरिया ही वखार आपोआप संपत्ती देते, पण लोकसंख्येतल्या २० जागा खाते. मॅपवरचं सोनं संपेपर्यंत ती बांधू नका.

बारा मॅचची परीक्षा

दोनच सिव्ह निवडा आणि प्रत्येकीच्या सहा मॅच खेळा. एक मॅच साधारण ३० ते ४५ मिनिटांची, म्हणजे ठाण्याहून लोकलने वाशीला पोहोचायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. गेमिंग कॅफेत तासावर पैसे भरत असाल तर तासाला एकच मॅच धरा. उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग लावा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: फ्यूडलची वेळ, कॅसलची वेळ आणि हरवणारं सैन्य कोणतं. पावसाळ्यात सोसायटीची वीज जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर त्या दिवसांत कॉम्प्युटरशीच खेळा. रँक्ड मॅच मध्येच तुटली तर ती हार धरली जाते.

सहापैकी चार वेळा एकाच सैन्याने हरवलं असेल तर त्याचा तोड तुमच्या फुल्यांच्या कागदावर आहे का ते बघा. असेल तर सिव्ह बदला. नसेल तर तोड हाताशी होता, तुम्ही तो काढला नाहीत. फ्रँक्स घेऊन उंटांकडून हरणाऱ्याने हॅलबर्डियर काढले होते का, हे आधी तपासावं. पॅच आला की आकडे हलतात, त्यामुळे हा कागद प्रत्येक मोठ्या पॅचनंतर टेक ट्रीशी पुन्हा ताडून घ्या.

मित्रांसोबत तीन-तीन किंवा चार-चारच्या टीम गेममध्ये जागेनुसार निवडा. कडेच्या खेळाडूवर पहिला हल्ला येतो, तिथे तिरंदाजीची सिव्ह. मधल्याला फुरसत मिळते, तिथे घोडदळाची. म्हणून दुसरी सिव्ह घेताना पहिलीच्या उलट्या जागेवर चालणारी घ्या: फ्रँक्स बसल्या असतील तर ब्रिटन्स, हिंदुस्तानी बसले असतील तर पाण्याच्या मॅपसाठी द्रविडियन.