खाली छापलेली ‘बचत’ बघून बिल घडी करू नका

मागच्या महिन्यात एका मोठ्या दुकानातून किराणा भरला. बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत ‘आपकी बचत 286 रुपये’. ते वाचून खूश होऊन बिल पिशवीत कोंबलं आणि लोकमान्य नगरला घरी आलो. पोहे डब्यात ओतताना सहज बिल चाळलं, तर पोहे त्यात कुठेच नाहीत! त्यांच्या जागी ‘काबुली चना’, 2.014 किलो, दर 134, रक्कम 269.88. पोह्यांचा भाव होता 58. काट्यावरच्या मुलाने चुकीचा कोड दाबून पिशवीला स्टिकर लावलं होतं आणि मी ते न वाचताच ट्रॉलीत टाकलं होतं. सगळा जन्म इंदुरात गेला आणि फसलो ते पोह्यांत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ती बचत खरी मानणं. एमआरपीतून बिलातला दर वजा केला की ती निघते, फळीवर लावलेल्या भावाच्या पट्टीशी तिचा काही संबंध नसतो. समजा तेलाच्या पाउचची एमआरपी 210, पट्टीवर 165 आणि बिलात लागले 189. बिल 21 रुपयांची बचत दाखवणार आणि तुमचे 24 जास्त गेले, त्याचा पत्ताही लागणार नाही. यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही. पट्टी एक जण हाताने बदलतो, संगणकात दर दुसरा भरतो, आणि रविवारी संपलेल्या ऑफरची पट्टी सोमवारी दुपारपर्यंत तशीच लटकत असते. पैसे मात्र आपलेच जातात. म्हणून ज्या वस्तू ऑफर बघून उचलल्या, तेवढ्यांच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. पट्टीवरचं वजन आणि प्रकारही त्यात आला पाहिजे, कारण ऑफर 500 ग्रॅमवर असते आणि आपण शेजारचं किलोचं पाकीट उचललेलं असतं.

दुसरी चूक, पूर्ण बिल वाचायचं ठरवणं. चाळीस ओळी कोण वाचतो? आधी सुट्या मालाच्या ओळी बघा, मग ऑफरच्या, मग जिथे नग एकापेक्षा जास्त आहेत त्या. एकच पाकीट दोनदा स्कॅन झालेलं तिथेच सापडतं.

जीएसटीचा गोंधळ वेगळाच. तळाच्या कराच्या तक्त्याला बरेच जण घाबरतात, पण तो कर रकमेतच धरलेला असतो, फक्त फोड करून दाखवतात. एमआरपीत सगळे कर आलेच, त्यावर कर लावून जास्त घेणं 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत बसत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तक्त्यात त्यांच्यापुढे अजून 18 दिसलं तर विचारा.

मिठाईच्या दुकानात तर बिलाच्याही आधी काट्याकडे बघा. 600 रुपये किलोच्या मिठाईत 70 ग्रॅमचा पुठ्ठ्याचा डबा तोलला, तर 42 रुपयांचा पुठ्ठा घेतला. ‘डबा अलग से तौलो’ म्हणायला लाजू नका. पिशवीचंही तसंच. आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्येच म्हटलं आहे.

चूक सापडली की काउंटर सोडण्याआधी बोला. ‘अंकल, सिस्टम में यही रेट है’ हे उत्तर ठरलेलं. त्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही, दर बदलणं त्याच्या हातात नसतं. सुपरवायझरला बोलवा, फोटो दाखवा आणि दुरुस्त बिल मागा. पैशांऐवजी पुढच्या खरेदीचं कूपन देऊ लागले तर नको म्हणा. बिलाचाही फोटो घ्या, कारण त्या गुळगुळीत कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर तक्रार नापतौल विभागात, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात. पट्टीवर एक आणि बिलात दुसरा दर असेल, पण एमआरपीच्या आत असेल, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन बरी.

माझी पोह्यांची पिशवी नशिबाने कचऱ्यात गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी स्टिकरसकट ती घेऊन गेलो. काउंटरवरच्या ताईंनी स्टिकर वाचलं, पिशवीत डोकावल्या, म्हणाल्या, ‘ये तो पोहा है,’ आणि 153 रुपये रोख मोजून दिले. वरचे 7 पैसे मी सोडले.