रोलप्लेमध्ये पाऊस पाडताय? या चुका टाळा

रोलप्ले म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन, आळीपाळीने पोस्ट लिहून मिळून गोष्ट पुढे न्यायची. दर जूनला आमच्या रोलप्ले सर्व्हरवर नवे खेळाडू येतात आणि पहिल्याच पोस्टमध्ये पाऊस पाडतात. ‘आभाळ काळंकुट्ट झालं होतं. विजा कडाडत होत्या. रणधीर दार लोटून आत आला आणि म्हणाला, तलवार कुठे आहे?’ आता सांगा, हा रणधीर भिजला का? वहाणा कुठे काढल्या? मी गोव्यातल्या डिचोलीची. आमच्याकडे जूनमध्ये घरात शिरलेला माणूस आधी डोकं पुसतो, मग बोलायला लागतो. इथे पाऊस पोस्टमध्ये आहे, रणधीरच्या अंगावर एक थेंब नाही. ही चूक दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधी तीच.

मजकुरातल्या खेळांत हवामान सांगणं हे यंत्राचंही काम होतं. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पहिला ‘मड’, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायचा मजकुराचा संगणकीय खेळ, सुरू केला, रिचर्ड बार्टलने तो वाढवला. पुढे कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी डिकूमड लिहिला. त्यात हवेचा दाब म्हणजे ९६० ते १०४० मध्ये फिरणारा एक आकडा. त्यावरून आभाळाच्या चार अवस्था ठरायच्या: निरभ्र, ढगाळ, पाऊस, विजा. अवस्था बदलली की खेळाडूला एक ओळ दिसायची, पण फक्त त्याचं पात्र उघड्यावर असेल तर. खोलीवर ‘आतली’ अशी खूण असली की ओळ यायची नाही. त्यावरूनच बेतलेल्या १९९३ च्या सर्कलमडमध्ये तर झोपलेल्या पात्रालाही ती जात नसे. पाऊस पडला म्हणजे तो कुणाला तरी कळला पाहिजे, एवढं त्या जुन्या कोडलाही ठाऊक होतं.

आपण तर घरातल्या पात्रालाही पाऊस कळवू शकतो. कौलांवर तो एक आवाज करतो, पत्र्यावर असा की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि स्लॅबखाली खिडकी उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. काडी पेटत नाही. फुगलेलं दार चौकटीत अडकतं. माझी सवय अशी की पोस्ट लिहिण्याआधी पात्राचे हात कशावर आहेत ते बघते आणि तिथेच हवा लिहिते, एका वाक्यात. ‘विजा कडाडत होत्या’ याला पुढचा खेळाडू काय उत्तर देणार? ‘दार अडकलं’ म्हटलं की तो खांदा लावायला पुढे येतो.

हे मी शिकले ते एका मोडलेल्या सीनमधून. पेडण्याच्या आगरवाड्यातलं मीठ बैलांवर लादून चोर्ला घाटातून वर न्यायचं, असा खेळ मी लावला होता. महिना निवडला आषाढ, कारण धुकं आणि निसरडी वाट मला हवी होती. आठ खेळाडू, जवळजवळ तीन आठवडे रोज पोस्ट. पाऊस कोसळतोय, ओढे फुगलेत, दरोडेखोर दबा धरून बसलेत. मग सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने ओओसीमध्ये, म्हणजे पात्राबाहेरच्या गप्पांत, विचारलं, “ताई, मीठ अजून आहे?”

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तीन आठवडे आभाळ फाटलं होतं आणि गोणी कोरड्या. मिठागरांत मीठ उन्हाळ्यात तयार होतं आणि पाऊस धरायच्या आत ते झाकून ठेवतात, हे गोव्यात वाढलेल्या मला कळायला हवं होतं. चूक माझी होती. दोघे जण वैतागून निघून गेले, त्यांना तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली असं वाटलं. मी पोस्ट पुसल्या नाहीत. त्याच मुलीला म्हटलं, तू लिही. तिने लिहिलं की गडी बैलाच्या पाठीवर हात ठेवतो आणि बैल अंग काढून घेतो, कारण गोणीतून पाझरलेलं खारं पाणी खोगिराने सोललेल्या जागी उतरतंय. मग तो गोण उचलून बघतो. ती हलकी लागते. तिथून सीन पुन्हा उभा राहिला. त्या दिवसापासून मी सीन लावताना आधी सामान ठरवते, नंतर महिना.

आता बाकीच्या चुका.

जुलैच्या प्रत्येक सरीत वीज नको. आपल्याकडे गडगडाट मुख्यतः मे महिन्यातल्या वळवाचा आणि परतीच्या पावसाचा. जुलैची झड मुकाट चार-चार दिवस पडत राहते.

मातीचा वास एकदाच. तो कोरड्या जमिनीवर पाऊस पडला की येतो. श्रावणात ‘मृद्गंध दरवळला’ लिहिणाऱ्याला मी पोस्ट परत पाठवते.

वीज दिसली आणि त्याच वाक्यात गडगडली, तर ती डोक्यावर पडली आहे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तेवढ्यात पात्राला काहीतरी करू द्या.

आजच्या काळातला सीन असेल तर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात पाठवू नका, तेव्हा मासेमारीबंदी असते.

एकाने ऊन लिहिलं आणि दुसऱ्याने पाऊस, तर आधी लिहिलेलं खरं. यावर वाद घालायचा नाही.

हवामानाचा बॉट, म्हणजे आपोआप ओळी टाकणारा प्रोग्राम, लावू नका. दर तासाला फासा टाकून तो ऊन-पाऊस बदलतो आणि खेळाडू ती ओळ जशीच्या तशी पोस्टमध्ये डकवतात. घाई असलेल्यांना हे फार आवडतं. मला ते अजिबात चालत नाही, कारण त्या ओळीला कुणाचाच हात लागलेला नसतो. दोन मिनिटं थांबा, खिडकीत उभे राहा, मग लिहा.

आणि वारा. किनाऱ्यावरच्या सीनमध्ये नवे लोक तो कुठूनही वाहवतात. पाऊस नसतानाच्या दिवसांत दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. तुमचं पात्र वाळूत चूल पेटवून बसलं असेल तर दुपारचा धूर माडांकडे जाईल आणि पहाटेचा पाण्याकडे. माग काढणाऱ्याने तो कुठून बघायचा, ते त्यावर ठरेल.