पार्किन्सनचा जनुकीय रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' दिसलं की नजर तिथेच अडकते. खरं तर तीन गोष्टी शोधायच्या असतात: जनुक कोणतं, बदललेल्या प्रती एक की दोन (बहुतेक जनुकांची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते), आणि तो बदल टिपण्याची त्या तपासणीची कुवत होती का.

आधी तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढा. प्रत्येक रुग्णासमोर लक्षणं सुरू झाली तेव्हाचं वय लिहा, निदानाचं नव्हे. 'आजोबांचे हात थरथरायचे' एवढ्यावर पार्किन्सन लिहून मोकळं होऊ नका. कप उचलताना हात कापत असेल तर बहुधा इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हात कापण्याचा वेगळा आजार. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापत असेल तर पार्किन्सनची शंका. मळमळीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही अशीच लक्षणं येऊ शकतात, म्हणून औषधंही विचारा. आईवडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का, तेही.

नमुना आधी रुग्णाचा द्यावा. निरोगी मुलाचा आधी दिला आणि काही सापडलं नाही, तर बदल त्याच्याकडे आलाच नाही की तपासणीच्या नजरेतून निसटला, हे कळायला मार्ग नाही.

आता जनुकं. एलआरआरके२ मधला जी२०१९एस हा बदल एका प्रतीत असला तरी पुरतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. पण बदल मिळाला म्हणजे आजार होईलच असं नाही; अनेक वाहक म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहतात. जीबीए१ हे तर मुळात जोखीम वाढवणारं जनुक: पेशीतला कचरा मोडणाऱ्या लायसोसोममधलं एक विकर (एन्झाइम) कमी पडतं आणि अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन साचायला वाव मिळतो. बहुतेक वाहकांना पार्किन्सन होत नाही. इथे बदलाचं नावही वाचा. एल४४४पी हा एन३७०एसपेक्षा जास्त धोक्याचा.

पार्किन आणि पिंक१ या जनुकांचं काम बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, हटवण्याचं. इथे दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात आणि आजार बरेचदा चाळिशीच्या आत येतो. रिपोर्टमध्ये दोन वेगवेगळे बदल दिसले तरी ते एकाच प्रतीवर असू शकतात. मग दुसरी प्रत शाबूत. याचा निकाल बहुधा आईवडिलांचे नमुने तपासून लागतो.

'निगेटिव्ह' रिपोर्टकडे तर जास्तच संशयाने बघा. पार्किनमध्ये बरेचदा अख्खा एक्सॉन (जनुकाचा एक तुकडा) गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो आणि साध्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचताना, तो सहज सुटतो. एमएलपीए ही चाचणी किंवा दुसऱ्या पद्धतीने प्रतींची मोजणी केली होती का, ते प्रयोगशाळेला विचारा. अल्फा-सिन्युक्लिन बनवणाऱ्या एसएनसीए जनुकाच्या जादा प्रतींचंही तेच. जीबीए१ शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं निकामी जनुक आहे. दोघांची सरमिसळ होऊन चुकीचे निकाल येतात. लाळेच्या घरगुती किटमध्ये मोजकेच बदल पाहतात, त्यामुळे तिथल्या 'निगेटिव्ह'ला फारसं वजन नाही.

मेंदूत किती चेतापेशी मेल्या, हे मात्र यातला कोणताच रिपोर्ट सांगत नाही. मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातली डोपामिन बनवणारी एकेक पेशी लाखो जोडण्या सांभाळते आणि तिची ऊर्जेची गरज अवाढव्य. म्हणून कचरा किंवा मायटोकॉन्ड्रिया यांतला बिघाड तिला आधी भोवतो. तिच्या तंतूंची टोकं आधी झडतात, पेशीचं शरीर नंतर. हालचाली मंदावेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. डॅटस्कॅन या मेंदूच्या स्कॅनमध्ये ही टोकं कमी झालेली दिसतात, पण तिथेही पेशींची शिरगणती होत नाही.

'अर्थ अनिश्चित' असा शेरा असलेल्या बदलावरून उपचार किंवा कुटुंबाबद्दलचे निर्णय घेऊ नका. रिपोर्ट जपून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी प्रयोगशाळेकडून तो शेरा पुन्हा तपासून घ्या. निरोगी प्रौढ नातेवाइकाने जनुकीय समुपदेशकाशी बोलूनच नमुना द्यावा. अठरा वर्षांखालच्या निरोगी मुलांची तपासणी टाळावी: पेशींची झीज रोखणारं सिद्ध औषध आज नाही, त्यामुळे त्या माहितीचा मुलाला लहानपणी काही उपयोग नसतो.