माणसं कामाला लावताना या चुका टाळा

दरवर्षी तालुक्याला रोजगार मेळावा भरतो. मांडव, कंपन्यांची टेबलं, दुपारपर्यंत नोंदणीची रांग. संध्याकाळी आकडा जाहीर होतो, इतक्यांना जागेवर नेमणूकपत्र. पुढच्या वर्षी त्याच रांगेत ओळखीचे चेहरे पुन्हा दिसतात. धाराशिव जिल्ह्यात मी बारा वर्षं हेच काम करते आहे. आयटीआय, 'उमेद' या सरकारी ग्रामीण अभियानातले बायकांचे बचत गट, ग्रामपंचायती आणि कारखाने यांना एकत्र बसवायचं, आणि वर्षानुवर्षं घरी बसलेल्यांना कामापर्यंत न्यायचं. त्याच त्या चुका बघून आता जीव मेटाकुटीला येतो.

पहिल्या पगाराआधीचे दिवस विसरणं

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास आम्ही चाकणच्या एका कारखान्यात अठरा मुलं पाठवली. 3 तारखेला रुजू झाली. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला. कायद्याने यात काहीच वावगं नाही, पण पोरांच्या हातात पस्तीस दिवस दमडी नाही. खोलीचं डिपॉझिट आणि मेसचे आगाऊ पैसे त्यांनी उसनवारी करून भरले होते. दहाव्या दिवशी फोन आला, "ताई, मेसवाला उद्यापासून ताट बंद म्हणतोय." मी म्हटलं, कसंतरी काढ थोडे दिवस. ते वाक्य मला अजून टोचतं.

विसाव्या दिवसापर्यंत अकरा जण परत आले. आढावा बैठकीत कारखान्याचा माणूस म्हणाला, तुमच्याकडच्या पोरांना काम नको असतं, आणि इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं. त्या अकरांतला एक आठवड्याच्या आत मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन बायकोसह ऊसतोडीला गेला. कोयता हातात घेऊन पहाटेपासून राबणाऱ्या माणसाला काम नको होतं? मुकादम पैसे आधी देतो, आपण पस्तीस दिवसांनी. त्या घराला कोण जवळचं वाटणार?

तेव्हापासून मी कारखान्याशी बोलणी इथूनच सुरू करते. पंधराव्या दिवशी थोडी रक्कम आगाऊ द्या आणि पुढच्या दोन पगारांतून कापून घ्या. नाही म्हणाले, तर मुलाच्या आईच्या किंवा बायकोच्या बचत गटातून अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्या स्वतःच्या बचतीतलं कर्ज, काढतो. खोली मी स्वतः जाऊन बघते. यावर 'फुकटाची सवय लागेल' म्हणणारे भेटतात. हे कर्ज आहे आणि ते फिटतं. 2014 ची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आखणाऱ्यांनीही नोकरी लागल्यानंतरचे काही महिने मदतीची तरतूद ठेवली, ती उगाच नाही.

एसटीचं वेळापत्रक न बघणं

कारखान्यातली पाळी सकाळी 7 ची आणि फाट्यावर पहिली गाडी पावणेसातला, तर बाई कामावर पोचणार कशी? बैठकीला आगार व्यवस्थापकाला बोलवा. एक फेरी अर्धा तास अलीकडे आली, तर चार गावांतल्या बायकांचं काम होतं. दुसऱ्या पाळीवरून परतायची सोय नसेल, तर मी बायकांना त्या जागेवर पाठवतच नाही.

कागद शेवटच्या दिवसावर टाकणं

दोन वर्षं व्यवहार नसलेलं बँक खातं निष्क्रिय होतं. पगार तिथे गेला की हातात यायला आणखी खेटे. आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडलेला, म्हणून ओटीपी नाही. लग्नानंतर आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. रुजू होण्याआधी मी प्रत्येकाला बँकेत नेऊन शंभर रुपये भरायला आणि काढायला लावते.

पारधी वस्तीवरच्या मुलांची अडचण वेगळी. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, तरी गेटवर आडनाव वाचलं की 'पोलीस पडताळणी होऊ द्या' म्हणून त्यांना महिना महिना ताटकळत ठेवतात. चारित्र्य पडताळणीचा अर्ज आधीच करून ठेवा, आणि ठाण्यातल्या कुणाला तरी पहिल्याच बैठकीला बसवा.

कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला बैठकीला बोलवायला विसरू नका. करारावर सही कंपनीची असते, हजेरीपट ठेकेदाराचा.

कंपनीला काय हवं ते न विचारता सगळ्यांना संगणकाचा कोर्स देऊ नका.

नव्या संस्था येतात आणि दोन महिन्यांत शंभर नेमणुका दाखवायच्या म्हणतात. मी त्यांना सरळ नाही म्हणते. पाच वर्षं रिकामा बसलेला माणूस सकाळी सहाला उठायलाच महिनाभर झगडतो.

दहाव्या दिवशीचा फोन आता मी करते, रात्री आठनंतर, पाळी सुटल्यावर. पहिला प्रश्न जेवलास का, दुसरा मेसचे पैसे किती राहिलेत. कामाचं त्यानंतर विचारते.