पाळीच्या तोंडावर वजन वाढलं? या चुका टाळा

सोमवारी काटा 62 दाखवतो, गुरुवारी 63.4. खाणं रोजचंच. मग रात्रीचं जेवण बंद! पहिली चूक इथेच होते.

जरा हिशेब करा. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तीन दिवसांत एवढं खाणं घरचं लग्न असलं तरी जमत नाही. वाढलंय ते मुख्यतः पाणी. पाळीच्या आधी हार्मोन्स वरखाली होतात आणि शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे आतडी मंदावतात, पोट साफ होत नाही. अंगठी रुतते, सलवारची नाडी सैल करावी लागते. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत हे आपसूक उतरतं. तोवर लोणचं, पापड, फरसाण जरा आवरा. पाणी पिणं मात्र कमी करू नका.

दुसरी चूक अगदी उलटी. ‘या दिवसांत चयापचय वाढतो, म्हणून काहीही चालतं.’ बीज सुटल्यानंतर शरीराचं तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढतं, हे खरं. पण त्यापायी जादा ऊर्जा खर्च झालीच, तर फार तर एखाद-दुसऱ्या पोळीइतकी. काहींना तेवढाही फरक पडत नाही. खा खा सुटते ती मात्र खोटी नव्हे. तिच्याशी भांडत रात्री दहापर्यंत उपाशी राहायचं आणि मग बिस्किटांचा पुडा संपवायचा, यापेक्षा चार वाजता मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि रात्री वाटीभर जास्त उसळ बरी.

वजनाची तुलना कालच्याशी नको, मागच्या पाळीतल्या त्याच दिवसाशी करा. कॅलेंडरवर पाळीची फुली मारताच ना? मग समजा, दर पाळीच्या सातव्या दिवसाच्या चौकोनात वजन लिहायचं. तीन-चार महिन्यांनी ते आकडे खरं बोलू लागतात.

आणि ते चढतच असतील, पाळी 35 दिवसांच्या पुढे जात असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पाणी साठलंय म्हणून सोडून देऊ नका. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी. डाएट सुरू केल्यावर पाळीच थांबली, तर काटा कितीही खाली येवो, खाणं वाढवा आणि डॉक्टरांना भेटा.