पावसात ‘हिल हाऊस’ वाचायला घेताय? मग हे आधी वाचा

जून लागला की कोणीतरी विचारतंच, गावी चाललेय, पावसात वाचायला काहीतरी भीतीदायक सांग ना. माझं उत्तर ठरलेलं आहे, अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस’. १९५९ ची कादंबरी, नऊ प्रकरणं, पेपरबॅकमध्ये अडीचशेच्या आसपास पानं. पण नुसतं नाव सांगून भागत नाही, कारण बरेच जण चाळीसएक पानांवर सोडून देतात आणि मला म्हणतात अगं यात भूत कुठाय. म्हणून यावेळी नीट लिहितेय, पुस्तक वाचायचं कसं आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते टिकवायचं कसं, दोन्ही. शेवट फोडलेला नाही पण मधलं थोडं सांगावं लागणार आहे, त्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

आधी पुस्तकाचं बघू. माझी कॉपी मुंबईत फ्लोरा फाऊंटनच्या फुटपाथवर घेतलेली, सेकंडहँड, पानं पिवळी पडलेली. जुन्या पेपरबॅकचा कागद स्वस्तातला असतो, पिवळा पडतोच, त्याचं काही वाटून घेऊ नका, फक्त बाइंडिंग बघून घ्या. पेपरबॅकला बहुतेक वेळा शिलाई नसते, पानं डिंकाने चिकटवलेली असतात, आणि जुना डिंक कडक झाला की पुस्तक सपाट उघडल्या उघडल्या मधोमध तडकतं. त्यामुळे नवीन असो की जुनं, पाठ टेबलावर टेकवून उभं धरायचं, पुढची पाच-दहा पानं उघडून मधल्या घडीजवळ बोटाने हलकं दाबायचं, मग मागची पाच-दहा, परत पुढची, असं करत करत मध्यापर्यंत यायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुस्तक वर्षानुवर्षं सुटत नाही.

आता पाऊस. आमचं घर मालवणजवळ, कौलारू, आणि मी पहिल्याच वर्षी घोडचूक केली, वाचता वाचता पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर पालथं ठेवून चहाला गेले आणि परत येईपर्यंत पागोळ्यांचे शिंतोडे उडून शेवटची तीसेक पानं ओली. अशा वेळी उन्हात ठेवायचं नाही (ऊन असतं कुठे म्हणा जुलैत) आणि चुलीच्या धगीजवळ तर अजिबात नाही, कव्हर वळतं आणि डिंक सुटतो. दर वीस-पंचवीस पानांमध्ये टिश्यू पेपर घालायचा, पुस्तक पंख्याखाली पंखा पसरल्यासारखं उभं करायचं, टिश्यू ओले झाले की बदलायचे, आणि जवळजवळ सुकत आलं की पाटाखाली घालून वर वरवंटा ठेवायचा. माझी कॉपी अजून जराशी फुगलेली आहे पण एक पान सुटलेलं नाही. एरवी झिपच्या पिशवीत ठेवा, आत चपलांच्या नाहीतर औषधांच्या डब्यातून येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या दोन-तीन टाका. कपाटात भिंतीला चिकटवून ठेवू नका, भिंतीची ओल थेट पुस्तकात येते, आणि कसर लागली तर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

बसायचं कुठे? माझं मत विचाराल तर दिवसा वाचायला सुरुवात करा. रात्री मुद्दाम घाबरायला बसलात की आपण प्रत्येक पानावर भूत शोधत बसतो आणि हे पुस्तक तसं वाचलं की हातातून निसटतं. मी दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत बसून वाचते, बाहेर पावसाचा एकसुरी आवाज, घरातले सगळे आडवे झालेले. चौथ्या प्रकरणापासून मात्र रात्री माजघरात बसा, तिथून पुढे आवाज सुरू होतात. आणि लाईट जाणारच आहे, तर चार्जिंगचा दिवा आधीच भरून ठेवा. मोबाईलच्या टॉर्चवर वाचू नका, एक हात अडकतो आणि नोटिफिकेशन आलं की संपलं सगळं.

हं, आणि प्रस्तावना असेल तर ती शेवटी वाचा. क्लासिक म्हणून छापलेल्या पुस्तकांच्या प्रस्तावना लिहिणारे तुम्ही पुस्तक आधी वाचलंय असं धरूनच लिहितात.

पहिला परिच्छेद तीन वाक्यांचा आहे, तीनच, पण तो मोठ्याने वाचा. इंग्रजीची सवय नसेल तर दोनदा वाचा. त्यात कॅटिडिड म्हणून शब्द येतो, तो नाकतोड्याच्या जातीतला हिरवा किडा, बाकी अडलेला शब्द डिक्शनरीत बघत बसू नका, लय तुटते. त्या परिच्छेदात बाई सांगते की हे घर शहाणं नाही, वेडं आहे, आणि ते इतक्या शांतपणे सांगते की भिंती सरळ आहेत, दारं नीट बंद आहेत, असं सगळं व्यवस्थित वर्णन चाललेलं असतं आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. या बाईची भीती अशी असते, आवाज न चढवता.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे भुतांना नावं आहेत, पत्ते आहेत. मुंजा पिंपळावर, चकवा वाटेत, देवचार वेशीवर, राखणदार आपल्या हद्दीत. कोण कुठे भेटणार आणि काय केलं की वाट सोडणार हे लहानपणीच कळलेलं असतं. त्या सवयीने हिल हाऊसमध्ये शिरलात की गोंधळ होतो, कारण इथे पत्ताच नाही. इथे नजर ठेवायची ती एलिनॉरवर. बत्तीस वर्षांची, अकरा वर्षं आजारी आईचं सगळं केलेलं, आई गेल्यावर बहिणीच्या घरात राहतेय, स्वतःचं असं काही नाही. डॉक्टर माँटेग्यू नावाचा माणूस भुताटकीचा अभ्यास करायला माणसं बोलावतो आणि हिला पत्र का येतं, तर ती बारा वर्षांची असताना वडील गेल्यावर महिन्याच्या आत त्यांच्या घरावर तीन दिवस दगड पडत होते. आपल्या गावात हे कोणाला सांगा, एका शब्दात उत्तर मिळेल, भानामती. पण जॅक्सन तो शब्द देत नाही, ती पुढे जाते आणि दगड तुमच्या डोक्यात राहतात.

म्हणून पेन्सिल हातात ठेवा (पेन नको, दमट पानावर शाई पसरते). पहिल्या प्रकरणात एलिनॉर एकटी गाडी चालवत जाते तेव्हा वाटेत तिला जे जे दिसतं त्याच्या शेजारी बारीक टिंब करा. एका घरासमोरचे दगडी सिंह, एका छोट्या मुलीचा चांदण्यांचा कप, असलं काहीबाही. वाचताना वाटतं की हा प्रवास फार लांबवलाय, इथेच लोक कंटाळतात. कंटाळू नका. नंतर ती आपल्याबद्दल बोलायला लागली की ती टिंबं शोधा, मग बघा काय होतं ते.

दुसरी खूण, वाक्य कोणाचं आहे ते विचारायचं. लेखिका सांगतेय की एलिनॉरच्या मनात चाललंय? सुरुवातीला दोन्ही वेगळी कळतात, पुढे पुढे कळत नाहीत. जिथे कळेनासं होईल तिथे समासात रेघ मारा. माझ्या कॉपीत सहाव्या प्रकरणानंतर रेघाच रेघा आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे मागे जा. मोबाईलवर वाचताना मागे जायचा कंटाळा येतो, पेपरबॅकमध्ये एक बोट मागच्या पानात अडकवून ठेवता येतं. चौथ्या प्रकरणात रात्री दारांवर धडाधड ठोकल्याचे आवाज येतात आणि एलिनॉर अर्धवट झोपेत म्हणते, आले आई, आले. तिथे आपण आवाजाला घाबरतो आणि ते वाक्य वाहून जातं. आठव्या प्रकरणात ती सांगते की आई गेली त्या रात्री आई भिंतीवर ठोकत होती, हाका मारत होती आणि मी उठले नाही, आणि मग म्हणते की कदाचित उठलेही असेन, आणि परत झोपले असेन. तिथे पुस्तक थांबवा. चौथ्या प्रकरणातलं ते पान काढा आणि परत वाचा.

हे मी आमच्या आत्येला सांगत होते. आत्या गावीच राहिली, बाकी सगळी भावंडं मुंबईला, आजीची शेवटची वर्षं तिनेच काढली. आजी आतल्या खोलीत असायची आणि काही हवं असलं की काठीने फळ्यांच्या भिंतीवर दोनदा वाजवायची, लहानपणी सुट्टीत आलो की आम्हीपण ऐकलाय तो आवाज. आत्या माझ्यासमोर सुपात कुळीथ निवडत होती, माझं वाचन म्हणजे तिला एरवी नुसती गंमत. भिंतीवर ठोकण्याचं सांगितलं आणि तिचा हात थांबला. म्हणाली, “ती खराच जागी नाय झाली काय?” मी म्हटलं, पुस्तकात नक्की सांगितलेलं नाही, तिलाच माहीत नाही. आत्या जराशाने म्हणाली, “जागी आसतली.” आणि परत कुळीथ निवडायला लागली. मी हे पुस्तक तोवर तीनदा वाचलं होतं आणि दरवेळी दाराबाहेर काय आहे एवढंच बघत होते.

सिनेमा आणि सिरीजचं विचाराल म्हणून सांगते. रॉबर्ट वाईजचा १९६३ चा ब्लॅक अँड व्हाईट सिनेमा चांगला आहे, पण पुस्तक संपल्यावरच बघा, एलिनॉरचा आवाज आधी तुमच्या डोक्यात तयार होऊ दे. २०१८ च्या सिरीजने नावं आणि घर घेतलंय, गोष्ट वेगळीच आहे, ती कधीही बघितली तरी चालेल.

वेगाचं म्हणाल तर दिवसाला एक प्रकरण, नऊ दिवस. एका बैठकीत संपवू नका. आणि जमलं तर कोणालातरी रोज सांगत जा, मराठीत, आपल्या शब्दांत, सांगताना अडखळलात की समजा तिथे काहीतरी निसटलंय, परत वाचा. मी आता आत्येला सांगतेय, रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती स्वतःच म्हणते, “फुडचा सांग.” काल आठवं झालं. नववं आज दुपारी दोनदा वाचून ठेवलंय, समासात पेन्सिलने मराठी शब्दपण लिहून ठेवलेत.