छातीतली नळी अन् बुडबुडणारी बाटली

छातीत नळी टाकली की नातेवाईक पहिले बाटलीच पाहतात. "सिस्टर, बुडबुडे काहून येऊन रायले जी?" फुप्फुसाला भोक पडलं की हवा छातीत साठते, फुप्फुस दबतं. तीच हवा नळीतून बाटलीतल्या पाण्यात निघते. पाच-सात दिवसांनीही बुडबुडे थांबले नाहीत, तर भोक बुजत नाहीये असं समजा. आमच्या यवतमाळकडे असे पेशंट बहुतेक जुन्या टीबीचे, नाहीतर बिडीवाले. ऑपरेशन झेपेल अशी तब्येत फार थोड्यांची.

बाटली कायम छातीच्या खाली ठेवा. आतल्या नळीचं टोक दोन सेंटिमीटर पाण्यात हवं. अन् बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावू नका, एक्स-रेला नेतानाही नाही. नवी होते तेव्हा मीच लावला होता. लिफ्टपर्यंत जाईस्तोवर पेशंटचे ओठ निळे पडले. चिमटा काढला तशी भस्सकन हवा सुटली. गळ्याची कातडी फुगून बोटाखाली पापड चुरल्यागत कुरकुरली, तरी लगेच हाक मारा.

न बुजणारं भोक बुजवायला डॉक्टर मग कधी कधी पेशंटचंच रक्त वापरतात. दंडातून ५० ते १०० मिली काढायचं अन् गोठायच्या आत नळीतून छातीत सोडायचं. त्याची गुठळी भोकावर बसते. हे काम डॉक्टरांचंच, स्वच्छता जराही चुकली तर आत पू होतो. पुढचे दोन तास आपले. नळी बांधायची नाही, सलाईनच्या स्टँडवरून हातभर उंच वळवून घ्यायची. रक्त आत राहतं, हवा मात्र निघते. पेशंटला दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायला लावा. घड्याळ मी पेशंटच्या बायकोच्या हातात देते, पोरं मोबाईलात हरवतात.

एवढ्यानं भागलं नाही तर पुन्हा रक्त सोडतात, किंवा औषध घालून फुप्फुस छातीला चिकटवतात.

सकाळी खोकायला सांगा. बुडबुडा नाही, पण श्वासासोबत पाणी वर-खाली होतंय, म्हणजे नळी मोकळी आहे. पाणीही थबकलं अन् धाप वाढली तर नळीत गुठळी अडकली असेल. तेव्हा चहा प्यायला जाऊ नका, डॉक्टरांना गाठा.

मागच्या कापूस वेचणीत एका बाबांची बाटली अकराव्या दिवशी शांत झाली. ते घाबरून म्हणाले, "बाई, मशीन बिघडली काय?"